आपद्धर्म कोणाचा?

संकटकाळी सत्ता एका हाती असावी, हे मत आपल्यापैकी बहुतेकांना वादातीत वाटते. घराला आग लागली असता पंचायत भरवून ती कोणी विझवीत नाही. आणि आपण तर केंद्र सरकारचे नोकर! दिल्लीहून निघालेला आदेश रायपूरला, शिलाँगला वा कोचीनला एकाच दिवशी अमलात यावा, यातच आपल्या सेवेचे सार्थक आहे, अशी आपली धारणा असते. माझीही तशीच होती. आणि आजही तिच्यातला पुष्कळसा भाग मला खरा वाटतो. परंतु २०२० सालच्या मे महिन्यात एका अनोळखी मनुष्याने मला एक प्रश्न विचारला. त्याचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही. इतक्या वर्षांनंतर ते शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

मी तेलीबांध्याला राहतो. आता तेथील तळ्याला लोक ‘मरीन ड्राइव्ह’ म्हणतात. संध्याकाळी तेथे फिरणाऱ्यांची गर्दी असते, आणि काठावरचा उंच ध्वजस्तंभ दुरूनही नजरेत भरतो. पण तेलीबांध्याचे खरे महत्त्व तळ्यात नसून रस्त्यात आहे. नागपूर-दुर्गकडून आलेला जुना हमरस्ता येथूनच आरंगमार्गे ओरिसाकडे जातो. त्या मे महिन्यात तळ्याकाठी चिटपाखरू नव्हते आणि रस्ता मात्र माणसांनी वाहत होता. ट्रकच्या टपावर, सायकलींवर, पायी, डोक्यावर बोचके आणि कडेवर मूल घेऊन माणसे पूर्वेकडे चालली होती. आमच्या गल्लीतील काही जण पाणी आणि पोळी-भाजी घेऊन चौकात उभे राहत. मीही त्यांत असे. मी फोनवर मराठीत बोलतो आहे हे ऐकून एक चाळिशीचा गृहस्थ जवळ आला. तो ओरिसाचा, पुण्याकडे बांधकामावर होता आणि मोडकी मराठी बोलत होता. मी त्याला सहज, पण सरकारी नोकराच्या सवयीने म्हणालो, “अहो, जिथे आहात तिथेच राहा असा आदेश होता ना?” तो रागावला नाही. पाण्याचा पेला खाली ठेवून म्हणाला, “राहिलो ना साहेब, चाळीस दिवस राहिलो. काम बंद झालं, मुकादम गेला, मग पत्र्याची खोलीपण गेली. जिथे म्हणजे कुठे, ते तुम्हीच सांगा.”

मी निरुत्तर झालो. माझ्या शर्टाच्या खिशात त्या वेळी कार्यालयाने दिलेला पास होता.

माझी स्थिती येथे स्पष्ट करणे अवश्य आहे; नाहीतर हा लेख म्हणजे सुरक्षित मनुष्याचा कळवळा ठरेल. त्याच एप्रिलमध्ये मला लहानाचे मोठे करणारे माझे काका अमरावतीला वारले. मी गेलो नाही. अंत्यविधीला वीसच माणसे असावीत असा नियम होता; सीमाही बंद होत्या. कोणाची ओळख लावून गेलो असतो तर पोहोचलोही असतो. पण आपणच आदेश मोडायचा आणि दुसऱ्या दिवशी तोच इतरांना बजावायचा, हे मला जमले नसते. पुढे २३ एप्रिलला आपल्या महागाई भत्त्याची वाढ रोखली गेली. तो १७ टक्क्यांवर थांबला. १ जुलै २०२१ पासून २८ टक्के झाला, आणि मधल्या अठरा महिन्यांची थकबाकी मिळाली नाही, हे वाचकांना सांगावयास नकोच. या दोन्ही गोष्टींचे मला वाईट वाटले. काकांचे तर आजही वाटते. पण यांत माझ्यावर अन्याय झाला असे मला कधी वाटले नाही. राष्ट्राने माझ्याजवळ त्याग मागितला, कारण सांगितले, आणि त्याग केल्यावर उभे राहावयास मला छप्पर व पगार शिल्लक ठेवला. त्या मनुष्याजवळही त्यागच मागितला होता. परंतु उभे राहावयास त्याच्यापाशी काही ठेवले नव्हते. दुःख आणि अन्याय यांतला भेद मला पुस्तकांनी पुष्कळदा सांगितला होता. तो समजला तेलीबांध्याच्या चौकात.

आपल्या परंपरेत ‘आपद्धर्म’ नावाची एक सूक्ष्म कल्पना आहे. महाभारताच्या शांतिपर्वात त्यावर एक स्वतंत्र उपपर्वच आहे. बारा वर्षांच्या अवर्षणात भुकेने व्याकुळ झालेला विश्वामित्र रात्री एका चांडाळाच्या झोपडीत शिरून कुत्र्याचे मांस उचलतो, आणि तो चांडाळच त्याला धर्म सांगू लागतो, ही कथा तेथलीच. विश्वामित्राचे म्हणणे एवढेच, की आधी जगले पाहिजे. जगला तर मनुष्य पुढे धर्म आचरू शकेल. या कथेत नियमातून सूट मिते ती कोणाला? जो प्राणसंकटात आहे त्याला. आपल्या काळात या कल्पनेची एक विलक्षण उलटापालट झाली आहे. संकट आले की सूट मागते ती सत्ता: विचारविनिमयातून सूट, कारणे देण्यातून सूट, हिशेबातून सूट. आणि जो खरोखर प्राणसंकटात आहे, त्याला मात्र नियम अक्षरशः लागू होतो. घराकडे चालत निघणे हाच त्याचा अपराध ठरतो. आपद्धर्म राजाचा की रस्त्यावरच्या माणसाचा, हा माझ्या मते खरा प्रश्न आहे.

यावर कोणी म्हणेल, की तुम्हाला केंद्राची सत्ताच नको आहे. तसे नाही. आपली घटना परिस्थितीनुसार संघात्मकही होऊ शकते आणि एकात्मही, हे डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना परिषदेत मसुदा मांडतानाच स्पष्ट केले होते. त्या दूरदृष्टीची प्रचीती आपण घेतली आहे. १९६२ च्या नोव्हेंबरात चीनच्या आक्रमणाने देश हादरला, तेव्हा महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले, आणि त्याचा प्रत्येक मराठी मनुष्याला अभिमान वाटला. महामारीतही हेच दिसले. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात प्राणवायूसाठी हाहाकार उडाला असता, येथून जवळच असलेल्या भिलाईच्या पोलाद कारखान्यातला प्राणवायू परप्रांतांना गेला. प्रत्येक राज्याने आपापले दार लावून घेतले असते, तर हे कसे घडते? लशींची गोष्ट तर अधिकच बोलकी आहे. १ मे २०२१ पासून अठरा ते चव्वेचाळीस वयाच्या लोकांसाठी राज्यांनी आपापली लस विकत घ्यावी असे ठरले. राज्ये एकमेकांशी स्पर्धा करीत जगभर निविदा काढू लागली, आणि २१ जूनपासून ती जबाबदारी केंद्राला परत आपल्याकडे घ्यावी लागली. जे सर्वांना पुरवावयाचे आहे ते एका हाताने वाटावे, हे येथे सिद्धच झाले.

मग दोष कोठे होता? आपण कारकून मंडळी आदेशाचा मजकूर वाचण्यापूर्वी त्यावरील दिनांक पाहतो. ती सवय येथे उपयोगी पडते. २४ मार्च २०२० रोजी रात्री आठ वाजता टाळेबंदी जाहीर झाली आणि मध्यरात्रीपासून अमलात आली. अवधी चार तासांचा. प्रवासी गाड्या दोन दिवस आधीच थांबल्या होत्या. गरिबांच्या साहाय्याची योजना जाहीर झाली २६ मार्चला. मजुरांचे वेतन कापू नये आणि घरमालकांनी महिनाभर भाडे मागू नये, असा आदेश निघाला २९ मार्चला. त्याच दिवशी सीमाही बंद झाल्या. अडकलेल्यांना घरी जाऊ देण्याचा निर्णय झाला २९ एप्रिलला, आणि पहिली श्रमिक गाडी सुटली १ मे रोजी. प्रत्येक आदेश स्वतंत्रपणे वाचला तर त्यात चूक काढणे कठीण आहे. चूक त्यांच्या क्रमात आहे. ‘राहा’ ही आज्ञा प्रथम आली. ‘कोठे आणि कशावर’ याचा विचार मागाहून आला.

लोकांना आठवडाभर आधी सांगितले असते तर स्थानकांवर झुंबड उडून रोग अधिकच पसरला असता, असा एक आक्षेप घेतला जातो. तो मी क्षुल्लक मानीत नाही. रोग नवा होता, आणि निर्णय घेणाऱ्यांपाशी वेळ थोडा होता. परंतु या आक्षेपाचा निष्कर्ष काय निघतो? माणसांना असतील तेथे थोपविणे अपरिहार्य होते हे मान्य केले, तर त्यांच्या अन्नाची आणि निवाऱ्याची हमी त्याच रात्रीच्या आदेशात असणे हेही तितकेच अपरिहार्य होते. ज्याची शिधापत्रिका गावी आहे आणि मजुरी रोजची आहे, त्याच्या बाबतीत थांबविणे आणि पोसणे ही दोन कामे नव्हेत. ते एकच काम आहे.

कायद्याची बाजूही पाहण्याजोगी आहे. सार्वजनिक आरोग्य हा राज्यसूचीतला विषय. पण एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणारी माणसे हा केंद्रसूचीतला. म्हणजे ज्या रस्त्यावर मी पाणी घेऊन उभा होतो, त्या रस्त्यावरची माणसे घटनेच्या अक्षराप्रमाणे सर्वांहून अधिक केंद्राची होती. आणि तीच कोणाच्याही यादीत नव्हती. ८ मे २०२० च्या पहाटे, जालन्याहून रुळांच्या वाटेने भुसावळकडे निघालेले मध्य प्रदेशातील सोळा मजूर औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ मालगाडीखाली चिरडले गेले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात संसदेत प्रश्न निघाला, तेव्हा वाटेत मेलेल्या मजुरांची आकडेवारी उपलब्ध नाही, असे उत्तर मिळाले. ज्या शासनयंत्रणेत एका पेन्सिलीची नोंद तीन वह्यांत होते, तीत ही नोंद नसावी!

मराठी मनुष्याला हा अनुभव अगदी नवा म्हणता येणार नाही. १८९७ च्या फेब्रुवारीत प्लेगनिमित्त साथरोगांचा जो चार कलमी कायदा झाला, त्यात सरकारला वाटेल ते उपाय योजण्याची मुभा होती, आणि सद्भावनेने वागणाऱ्या अधिकाऱ्याला संरक्षणही होते; ज्याच्या घरात सोल्जर शिरणार त्याच्यासाठी एक ओळही नव्हती. रोग्याला वेगळे ठेवावे हा रँडचा हेतू वैद्यकदृष्ट्या अगदीच चुकीचा नव्हता. परंतु पुण्याने त्याच्या हाती उपचार पाहिला नाही, अवहेलना पाहिली. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर त्याच्यावर गोळी झाडली गेली. त्याच वर्षी, त्याच शहरात, प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले १० मार्चला प्लेगनेच वारल्या. संकट एकच होते. एका बाजूला अमर्याद अधिकार होता, दुसऱ्या बाजूला कसलाही अधिकार नसताना पत्करलेले कर्तव्य. सव्वाशे वर्षांनंतर कोणाचे नाव आदराने घेतले जाते, ते सांगावे लागत नाही. आणीबाणीचा काळ वाचकांपैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. १९७५ च्या कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवत निर्भयपणे बोलल्या. आणि पुढे १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने जीविताचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही असे ठरले. म्हणजे संकटातही काही गोष्टींना हात लावावयाचा नाही, हे आपण किंमत देऊन शिकलो आहोत.

या साऱ्यावरून मला जे वाटते ते असे. संकट सत्तेला वेगाचा अधिकार देते. मौनाचा अधिकार ते देत नाही, विस्मृतीचा तर नाहीच. केंद्र या शब्दाला परिघावाचून अर्थ नाही. आणि आदेशाची परीक्षा केंद्रात होत नसते, ती परिघावरच्या शेवटच्या माणसापाशी होते. त्या परिघावर बसलेले जे सरकारी नोकर, ते आपणच. आदेश काढणे आपल्या हाती नाही; पण तो अमलात आणताना, हा ज्याला लागू होतो त्याची स्थिती काय आहे, एवढे टिपण फाइलवर लिहिणे आपल्या हाती असते. मी ते लिहिले नाही. पास खिशात ठेवून पाणी वाटले, आणि तेवढ्यावर समाधान मानले. माझ्या टिपणाने दिल्लीत काही हलले असते असे मला वाटत नाही. परंतु नोंद झाली असती. उत्तर देता येत नसेल, तर प्रश्न वर पाठविणे हे तरी नोकराचे काम आहे.

त्या गृहस्थाला पुढे एक ट्रक मिळाला. जाताना त्याने पेला विसळून परत दिला. तो आपल्या गावी पोहोचला की नाही, हे मला ठाऊक नाही. संध्याकाळी तळ्याकाठी फिरताना अजूनही कधी कधी माझी पावले चौकाकडे वळतात, आणि पूर्वेकडे जाणाऱ्या ट्रकांकडे मी थोडा वेळ पाहत उभा राहतो.