एलीकडे तीन वेळा

आजचं वाचन: 1 शमुवेल, अध्याय 3



हा अध्याय आपण संडे स्कूलपासून ऐकत आलोय, आणि आपल्याला त्यातली चौथी हाक पाठ असते. देव हाक मारतो, शमुवेल म्हणतो की बोल, मी ऐकतोय. आज मात्र आधीच्या तीन हाकांपाशी थोडं थांबू या.

मध्यरात्र आहे, मुलगा झोपलाय. हाक येते तसा तो उठतो आणि धावत एलीकडे जातो. एली म्हातारा झालाय, त्याला नीट दिसत नाही. तो म्हणतो, मी नाही बोलावलं, जा झोप. पुन्हा हाक येते, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही हा पोरगा उठून जातो. खरं सांगा, आपण काय केलं असतं? दुसऱ्यांदाच कूस बदलून पडलो असतो. “म्हातारं बडबडतंय झोपेत,” म्हणून डोक्यावर पांघरूण!

सातवं वचन नीट वाचा. शमुवेलाला अजून परमेश्वराची ओळख झालेली नव्हती. म्हणजे देवाचा आवाज त्याला ओळखता येत नव्हता, पण उठता येत होतं. देवाची हाक त्याला एका म्हाताऱ्या माणसाची गरज वाटली आणि तो त्या गरजेकडे धावला. शास्त्र यासाठी त्याला कुठेही दोष देत नाही. उलट, जो एलीसाठी तीनदा उठला, तोच चौथ्या वेळी जागा होता.

बीडकडचा एक तरुण, सध्या पुण्यात नोकरी करणारा, मला विचारत होता, “देवाचं पाचारण आहे हे नक्की कळतं कसं? मी थांबलोय, पण काही ऐकूच येत नाही.” प्रश्न प्रामाणिक होता. पण तो ज्या भागातून येतो तो भाग मला डोळ्यांसमोर दिसत राहिला. दसरा-दिवाळीच्या सुमारास पाटोदा, वडवणी, धारूर, शिरूर कासार या बाजूची कित्येक गावं रिकामी होतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात निघतात. हिशेबात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. माणसांना हत्याराचं नाव! काही लेकरं आईबापाबरोबर फडावर जातात, काही हंगामी वसतिगृहात राहतात, तर काही आजी-आजोबांकडे. मग पाच-सहा महिने गावात राहतात मुख्यतः म्हातारी माणसं आणि पोरं. अशा घरात रात्री आजीने हाक मारली तर उठायला कोण?

याचा अर्थ प्रत्येकाने नोकरी सोडून गावी जावं, असा मी अजिबात काढत नाही. पुण्याच्या त्या ऑफिसात, त्या पीजीतही कुणीतरी एली असतोच. पण जवळच्या माणसाचा आवाज ऐकायचा नाही आणि आकाशातून आवाज यायची वाट बघायची, हे जरा विचित्रच.

दुसरी एक पळवाट आपण फार वापरतो, आणि तिला नम्रता म्हणतो. “मी कुठला एवढा लायक!” मोशेही हेच म्हणाला. निर्गमाचा तिसरा आणि चौथा अध्याय वाचा. मी कोण, ते माझं ऐकणार नाहीत, मला बोलता येत नाही... देव प्रत्येक अडचणीला शांतपणे उत्तर देतो. पण शेवटी मोशे म्हणतो की दुसऱ्या कुणाला तरी पाठव, तेव्हा मात्र देवाला राग येतो. तोवर ती नम्रता असेलही, त्यानंतर ते नुसतं अंग काढून घेणं होतं. आपल्या लायकीचाच विचार करत बसलं तर शेवटी लक्ष आपल्यावरच राहतं ना?

पंडिता रमाबाईंकडे बघा. 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पण त्याच्या आधी, 1874 च्या सुमारास, आई-वडील उपासमारीत गेलेले त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. 1896-97 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा त्या पुण्यात शारदा सदन चालवत होत्या. तिथलंच काम पुरे होतं, घरी बसायला कारण भरपूर होतं. तरी त्या निघाल्या आणि अनाथ, उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या. पुढे केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. भुकेचा आवाज त्यांनी आधी ऐकलेला होता, तो ओळखायला त्यांना वेळ लागला नाही.

आणि शेवटची वर्षं? हिब्रू आणि ग्रीक शिकून त्या बायबलचं मराठी भाषांतर करत बसल्या, तेही साध्या, कमी शिकलेल्या बायकांना कळेल अशा मराठीत. संस्कृतवर एवढा हात असलेल्या बाईने मुद्दाम सोपं लिहायचं! ते भाषांतर छापायच्या कामात मुक्तीतल्याच बायका होत्या. 1921 मध्ये मुलगी मनोरमा गेली, तरी काम थांबलं नाही. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या, तोवर भाषांतर हातावेगळं झालं होतं.

एलीबद्दल मात्र बोलायलाच हवं, त्याच्यावर आपण फार अन्याय करतो. मुलांना आवरलं नाही ही त्याची चूक मोठीच. पण त्या रात्री देवाने याजकाला ओलांडून एका पोराला हाक मारली, आणि हे एलीला कळलं. तो म्हणू शकला असता, “देव बोलला तर माझ्याशीच बोलेल.” किंवा त्याहून सोपं, स्वतःच सांगून टाकलं असतं की देवाची तुझ्याबद्दल अशी इच्छा आहे. असं सांगणारे आजही भेटतात. कुणी तुमच्या खांद्यावर हात ठेवून तुमचं पाचारण परस्पर ठरवत असेल, तर एली आठवा. त्याने फक्त उत्तर कसं द्यायचं ते शिकवलं आणि पोराला परत त्याच्या जागी पाठवलं. सकाळी स्वतःच्या घराविरुद्धचा निरोपही त्याने पूर्ण मागून घेतला, एक शब्द लपवू दिला नाही. ऐकल्यावर म्हणाला, तो परमेश्वर आहे, त्याला बरं वाटेल ते त्याने करावं.

आणि शमुवेल? एवढं ऐकल्यावर तो सकाळपर्यंत पडून राहिला. मग उठला आणि परमेश्वराच्या मंदिराची दारं उघडली.

प्रार्थनेत आज आठवण ठेवा: फडावर असलेले आईबाप, वसतिगृहातली लेकरं आणि मागे राहिलेल्या आज्या. त्यातली एखादी तुमची असेल, तर आधी फोन करा. आमेन.