तिसरा मॅप

साकीनाक्याच्या सिग्नलला उमेदीची वर्षं वाहिलेल्या माणसाला ‘हे किती चालणार?’ हा प्रश्न नवा नाही. आमचा पुतण्या मात्र तो संगणकावरच्या सामन्यांना विचारतो. तीनपैकी दोन मॅप जिंकायचे. संघ तोडीस तोड असतील, तर तिसरा मॅप होण्याची शक्यता निम्मी. एक संघ दहात आठदा जिंकणारा असेल, तर शंभरात 32. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर 2025 च्या कायद्याने बंदी आणली, म्हणून पैज वडापावची.

‘तिसरा होणार’ म्हणणारा पहिला मॅप संपताच हरणाऱ्याच्या बाजूला! काय ही भूतदया! पण तिसरा सुरू झाला, की हा कोणाचाच नाही. मग ही दया खरी कशी म्हणायची? माझ्या मते, वडापाव जिंकल्यावरही जो त्याच्यासाठी जीव टांगून बसेल, त्याचीच खरी.

पुतण्या म्हणाला, “काका, तोवर पुढचा सामना सुरू होतो!”