दारातला रोगी आणि प्रयोगशाळेतला तरुण

उपकारस्तुतीच्या सणाचे दान जमले की त्याचा विनियोग कसा करावा, हा प्रश्न दरवर्षी मंडळ्यांपुढे येतो. पेडणे व डिचोली तालुक्यांत घरात कर्करोग निघाला की बांबोळीच्या इस्पितळाच्या खेपा सुरू होतात. कित्येकांना पुढे मुंबईस परळच्या टाटा इस्पितळात जावे लागते. गाडीभाडे, तेथील राहणे, सोबतच्या माणसाची बुडालेली रोजी, असा सारा भार त्या कुटुंबावर पडतो. अशा वेळी कोणी सुचविले की, दानातील काही भाग कर्करोगावर संशोधन करणाऱ्या तरुणांच्या शिष्यवृत्तीसाठी द्यावा, तर लगेच विचारले जाते, "दारात रोगी उभा असता प्रयोगशाळेला पैसा कशाला?"

हा प्रश्न प्रेमातून निघालेला आहे, म्हणून त्याला नीट उत्तर दिले पाहिजे.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण मुलांना शिकवतो. रस्त्यावर पडलेल्या जखमी माणसाला टाकून तो वैद्यक शिकायला गेला असता, तर तो माणूस तेथेच मेला असता. तेव्हा डोळ्यांसमोरच्या शेजाऱ्याचा हक्क पहिला, याविषयी आम्हांला शंका नाही. पण जखमेवर तेल व द्राक्षारस घालावा, हे त्या शोमरोन्याला कोणी सांगितले? त्याच्या आधी कोणीतरी ते शोधून ठेवले होते. ज्यांची नावे त्याला ठाऊक नव्हती, अशांच्या श्रमावर त्याची दया उभी होती.

लेडी मेहरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. त्या काळी या रोगावर खरे औषध असे नव्हतेच. पुढच्याच वर्षी त्यांचे पती सर दोराबजी यांनी पत्नीच्या नावे विश्वस्त निधी स्थापला आणि त्याच्या उत्पन्नाचा मोठा भाग या रोगाच्या संशोधनासाठी, कोणत्याही देशातील संशोधकाला मिळेल असा, राखून ठेवला. त्याच वर्षी तेही वारले. आपल्या दानाचे फळ त्यांनी पाहिले नाही.

दुसरे उदाहरण यल्लाप्रगडा सुब्बाराव यांचे. हा आंध्रातील गरीब तरुण १९२२-२३ च्या सुमारास अमेरिकेस गेला, तो काकिनाडा येथील एका धर्मादाय निधीच्या आधारावर. तेथे पोटासाठी त्याने इस्पितळात हलकी कामेही केली. सुमारे पंचवीस वर्षांनी त्याच्या हाताखालील संशोधकांनी तयार केलेले औषध बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या १६ मुलांना दिले. त्यांपैकी १० मुलांना उतार पडला. तो उतार टिकला नाही; पण वाट सापडली. आज चांगल्या उपचारांची सोय आहे तेथे अशी बहुसंख्य मुले बरी होतात. काकिनाड्याच्या त्या विश्वस्तांना यातले काय ठाऊक असणार?

आपल्या मराठी मुलखातील कमल रणदिवे यांनी टाटा इस्पितळातच डॉ. खानोलकरांच्या हाताखाली संशोधन करून १९४९ मध्ये डॉक्टरेट मिळवली. पुढे शरीरातील पेशी काचपात्रात वाढवण्याची भारतातील पहिली प्रयोगशाळा त्यांनी मुंबईत उभारली. ते इस्पितळही १९४१ साली दानाच्याच पैशातून उघडले होते.

नामांकित शास्त्रज्ञाला त्याच्या नावावर पैसा मिळतो. नवख्याजवळ दाखवायला काही नसते. दोन-तीन वर्षे आधार मिळाला नाही तर तो दुसरी नोकरी धरतो. त्याचा प्रयोग फसणार नाही, अशी हमी कोणी देऊ शकत नाही. पण शब्बाथशाळेचा शिक्षक तरी कोणत्या हमीवर शिकवतो? एकाने पेरावे व दुसऱ्याने कापावे, हे योहानाच्या चौथ्या अध्यायात प्रभूने शिष्यांना आधीच सांगून ठेवले आहे.

येथे एक धोकाही आहे. दूरच्या कामाला पैसे पाठवून शेजारच्या रोग्याच्या खाटेजवळ बसण्याचे टाळता येते. असे दान म्हणजे याजक व लेवी यांच्याप्रमाणे बाजूने निघून जाणेच होय, मग त्याची पावती कितीही मोठ्या रकमेची असो.

आपल्याकडचा शेतकरी टंचाईच्या वर्षीही बियाण्याच्या भाताला हात लावीत नसे. घरात मुले भुकेली असत, आणि पुढील पावसाळ्यातही ती भुकेली राहू नयेत म्हणूनच तो बी जपून ठेवी. आमच्या मते मंडळीनेही तसेच करावे. दहा रुपयांतील नऊ दारातल्या रोग्यासाठी खर्चावेत, त्याच्यासोबत मुंबईपर्यंत माणूस द्यावा, आणि एक रुपया बियाण्यासाठी बाजूला काढावा. त्या रुपयाबद्दल आपले आभार मानायला कोणी येणार नाही. ज्याचा जीव त्यामुळे वाचेल, ते मूल कदाचित अजून जन्मलेही नसेल. पण तेही आपला शेजारीच आहे.