बालशिक्षिकेस ज्ञान हवें काय?

लहान मुलांस सांभाळावयास माया असली म्हणजे पुरे, तेथें विद्या कशाला, असें खेड्यांतील पुष्कळ मंडळी म्हणतात. आम्हांस हें पटत नाहीं. चार वर्षांच्या मुलाचीं बोटें अक्षरें वळविण्याजोगीं बहुधा झालेलीं नसतात. तरी मायाळू बाई हौसेनें त्याजकडून पाटीभर अक्षरें गिरवून घेते, आणि मूल शाळेचें नांव काढतांच रडूं लागतें. जाणत्या बाईनें त्याच हातांत अगोदर ओली माती दिली असती, मणी ओंवावयास दिले असते. तेव्हां अशी अजाण माया निर्दोष म्हणावी काय?

सन १९४५ मध्यें ताराबाई मोडक यांनीं बोर्डी येथें बालवाडी काढिली. गरीब वस्तींतील मुलें येईनात. आईबापांस दोष देणें सोपें होतें. परंतु बालवाडीच त्या वस्तीच्या अंगणांत नेण्यांत आली. आधीं मुलांस न्हाऊं घालणें, वेणीफणी. मग गाणीं व खेळ. 'अंगणवाडी' हें नांव तेथलेंच. सरकारनें सन १९७५ पासून तें देशभर नेलें. (नांव नेणें सोपें!)

वाचकहो, आपल्या गांवच्या अंगणवाडीच्या बाईची सकाळ वजनें घेण्यांत व नोंदी भरण्यांतच सरते. तिनें शिकावें केव्हां, हें ग्रामसभेंत कोणी विचारितो काय?