न पाहता केलेली सही

उभा राहा. मान वर कर आणि जॉब कार्डावरची दुसरी सही कोणाची आहे ते मोठ्याने वाच. तुझी आहे. तुझ्या जोडीदाराने लिहिलं, ‘सर्व्होचा रॉड जोडला, नट आवळला, स्प्लिट पिन घातली.’ त्याखाली तू ‘तपासलं’ असं लिहून सही ठोकलीस. मी टॉर्च धरला, तर नटाच्या खाचेतून आणि बोल्टाच्या भोकातून उजेड आरपार गेला. पिन घातलेलीच नाही. नट सोडवून पुन्हा चढवला, तर तो नुसत्या दोन बोटांनी फिरत तळापर्यंत गेला. लॉकनट आट्यांवर हाताला अडला पाहिजे, पान्याशिवाय पुढे सरकता कामा नये. हा बोटांनी फिरतो याचा अर्थ त्याची पकड गेली आहे. तो भंगारात जायला हवा होता. तो पुन्हा बसवला गेला आणि तुझ्या सहीने पास झाला.

कारण विचारलं तर म्हणालास, ‘सर, त्याचं काम चोख असतं, म्हणून बघितलं नाही.’ पिन राहिल्याचा राग मला आहेच, पण या उत्तराचा त्याहून जास्त आहे. हात कोणाचाही चुकतो, वीस वर्षं पाना धरलेल्याचाही चुकतो. म्हणून तर कंट्रोलच्या जोडणीला डुप्लिकेट इन्स्पेक्शन लावलेलं आहे. पहिला माणूस चुकू शकतो हे धरूनच तो दुसरा रकाना छापलेला असतो. तिथे तू त्याच्यावर भरवसा टाकलास, आणि कार्डावर सह्या दोन झाल्या तरी तपासणी एकही झाली नाही. जोडीदाराशी दोस्ती जरूर ठेव. पण त्याचं काम तपासणं म्हणजे त्याचा अपमान, हे खूळ डोक्यातून काढून टाक. त्याच्या हातून राहिलेली पिन तू पकडली असतीस, तर त्याच्यावर उपकारच झाले असते.

‘हे शिकवणीचं हेलिकॉप्टर आहे, उडणार थोडंच आहे,’ असं मागच्या बाकावरून कोणीतरी पुटपुटलं. ते मला ऐकू आलं. हाताला जी सवय इथे लागते, तीच पुढे हँगरमध्ये जाते. तिथे तिची किंमत काय पडते, ते ऐका.

7 डिसेंबर 2011. अमेरिकेत लास व्हेगासहून सनडान्स हेलिकॉप्टर्स कंपनीचं एक एएस-350 पर्यटकांना हूवर धरणाच्या बाजूला फिरवायला निघालं. आत वैमानिक आणि चार प्रवासी होते. उड्डाणानंतर काही मिनिटांतच सरळ चाललेलं हेलिकॉप्टर अचानक वर चढलं, डावीकडे वळलं आणि डोंगरात कोसळलं. पाचही जण गेले. आदल्याच दिवशी त्याची देखभाल झाली होती आणि मुख्य रोटरचा पुढे-मागे झुकाव सांभाळणारा सर्व्हो बदलला होता. अवशेष तपासले तेव्हा त्या सर्व्होपासून रॉड सुटलेला होता. त्याला धरून ठेवणारा बोल्ट, वॉशर, नट, पिन, यांतलं काहीही सापडलं नाही. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने कारण लिहिलं ते असं: झिजलेला लॉकनट पुन्हा वापरला, स्प्लिट पिन नीट बसवली नाही किंवा बसवलीच नाही, आणि कामानंतरची तपासणी अपुरी झाली.

आता तुझं कार्ड हातात घे आणि या तीन गोष्टी त्याच्याशी ताडून बघ. तिन्ही तुझ्याकडे आहेत.

त्या जोडणीत नटाची पकड हा पहिला बंदोबस्त. नट सैल पडलाच तर पिन त्याला फिरू देत नाही, हा दुसरा. आणि हे दोन्ही आहेत की नाहीत ते पाहणारा माणूस, हा तिसरा. तिन्ही एकाच ठिकाणी हुकले तेव्हा रॉड सुटला. तो सुटल्यावर वैमानिकाने सायक्लिकचा दांडा कितीही ओढला तरी त्याचा हुकूम रोटरपर्यंत पोहोचत नाही. त्याचं सगळं कसब तिथे निकामी होतं.

आणखी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. देखभालीनंतर त्या हेलिकॉप्टरचं चाचणी उड्डाण झालं होतं, आणि ते सुखरूप उतरलंही होतं. नट हादऱ्यांनी हळूहळू सुटत जातो, तो पहिल्याच फेरीला पडेल असं नाही. तेव्हा ‘चालवून बघितलं, ठीक आहे’ हे वाक्य या वर्गात कोणी बोलायचं नाही. पिन आहे की नाही हे डोळ्यांनी बघूनच कळतं.

त्या कामावरचा मेकॅनिक आणि इन्स्पेक्टर आळशी होते, असं त्या अहवालात कुठेही नाही. दोघे थकलेले होते. नेहमीपेक्षा लवकरच्या पाळीची सवय व्हायला त्यांना पुरेसा वेळ मिळाला नव्हता. कामाच्या आणि तपासणीच्या पायऱ्याही स्पष्ट आखून दिलेल्या नव्हत्या, हेही मंडळाने नोंदवलं. यात व्यवस्थापनाचा दोष आहे, आणि तो मी झाकणार नाही. पण उद्या तुम्हाला अशीच पाळी लागेल. तेव्हा ‘माझी झोप झालेली नाही, या कामावर मी सही करणार नाही’ हे वरिष्ठाच्या तोंडावर सांगण्याची हिंमत तुमच्यात हवी. ती लायसन्सबरोबर मिळत नाही, इथेच कमवावी लागते.

दुसरं उदाहरण स्कॉटलंडजवळच्या उत्तर समुद्रातलं. 25 मार्च 2009 रोजी एका सुपर प्युमा हेलिकॉप्टरच्या गिअरबॉक्समधल्या चिप डिटेक्टरवर धातूचा एक बारीक कण मिळाला. पुढे काय करायचं, यावर हेलिकॉप्टर चालवणारी कंपनी आणि उत्पादक यांच्यात फोन आणि ईमेल झाले. त्यात गैरसमज झाला आणि गिअरबॉक्सचा संबंधित भाग उघडून आतली चुंबकं पाहायची राहून गेली. पुढच्या तपासण्यांत डिटेक्टरवर काहीच आलं नाही. 1 एप्रिलला, 36 उड्डाणतासांनंतर, आतला गिअर फुटला, मुख्य रोटर निखळला आणि तेलविहिरीवरून परतणारे 16 जण समुद्रात गेले. तो कण एका गिअरच्या बिघाडाची खूण होता, पण ती खूण ओळखली गेली नाही. म्हणून सांगतो, मॅन्युअलमधली पायरी पुरती कळली नसेल तर अंदाजाने पुढे जायचं नाही. लेखी विचारायचं, लेखी उत्तर घ्यायचं, आणि तोवर यंत्र जमिनीवर ठेवायचं.

जुहूहून मुंबई हायला जाणारा कामगार असो, केदारनाथला निघालेली म्हातारी असो, त्यांना नट दिसत नाही की पिन दिसत नाही. तुमचं नावही त्यांना ठाऊक नसतं. तरी ते दार लावून घेतात आणि बसतात. हेलिकॉप्टर तपासलेलं असणार, एवढंच गृहीत धरून बसतात. ते गृहीत खोटं ठरवायचा हक्क तुला कोणी दिला?

आता दोघेही ऐका. हे कार्ड रद्द. कार्डावर तशी नोंद करायची आणि कारण स्वतःच्या हाताने लिहायचं. खाडाखोड केलेली मला चालणार नाही. नवा नट आणि नवी पिन स्टोअरमधून सही करून आणा. जोडणी पूर्ण सोडवा आणि मॅन्युअल समोर उघडं ठेवून पहिल्या पायरीपासून पुन्हा करा. या खेपेला पाना तू धरायचास आणि तपासायचं त्याने. टॉर्च आणि आरसा घेऊन तो प्रत्येक वस्तू बघेल, हात लावेल आणि मगच लिहील. त्याला काही खटकलं तर तू वाद घालायचा नाहीस, परत उघडायचं. मी स्वतः बघितल्याशिवाय तुमच्यापैकी कोणीही घरी जाणार नाही.

तुझे हात चांगले आहेत, म्हणून इतकं बोललो. पण जे डोळ्यांनी पाहिलं नाही त्यावर पुन्हा सही केलीस, तर या वर्कशॉपमध्ये तुला पाना धरू देणार नाही. कामाला लाग.