काय कशावर अडलंय?

चि. ऋचा,

तुझं पत्र पोचलं. नव्या नोकरीत तुला प्लॅनिंगमध्ये टाकलं म्हणून तू हिरमुसली आहेस. ‘दिवसभर बार चार्टच्या पट्ट्या रंगवायच्या, यात इंजिनिअरिंग कुठलं?’ असं विचारतेस. शिवाय एकाच कामाचे तीन-तीन अंदाज मागतात, तो छळ कशासाठी, हेही. माझी सगळी नोकरी याच पट्ट्यांत गेली, तेव्हा उत्तर देणं मला भाग आहे.

तीन अंदाजांची ती पद्धत, पर्ट, 1958च्या सुमारास अमेरिकी नौदलात तयार झाली. पाण्याखालच्या पाणबुडीतून डागता येईल असं पोलारिस क्षेपणास्त्र हवं होतं. ॲडमिरल रेबॉर्न प्रमुख होते, कंत्राटदारांचा गोतावळा मोठा होता आणि रशियाचा स्पुतनिक उपग्रह वर गेल्यापासून घाई आणखी वाढली होती. अडचण अशी, की त्यातली बरीच कामं तोवर कुणी केलेलीच नव्हती. स्लॅबला किती दिवस लागतील ते गवंडी झोपेतही सांगेल, पण इथे कुणाला विचारणार? म्हणून प्रत्येक कामाचे तीन आकडे मागितले: सगळं सुरळीत झालं तर, बहुतेक लागेल तेवढा, आणि सगळंच बिघडलं तर. मधल्याची चौपट करायची, उरलेले दोन मिळवायचे, सहाने भागायचं. 4, 6 आणि 14 आठवडे सांगितले तर उत्तर 7 येतं. सहावरून सातवर का गेलं, ते बघ. काम लवकर संपायला मर्यादा असते, लांबायला नसते. साहेबासमोर हे तोंडाने बोलायला माणसं कचरतात, आकड्यांत लिहून देतात.

मग बाणांचं जाळं: कुठलं काम संपल्याशिवाय कुठलं सुरूच होत नाही. त्यातली सर्वांत लांब साखळी म्हणजे क्रिटिकल पाथ. साधारण त्याच काळात ड्यू पाँट या रसायन कंपनीसाठी वॉकर आणि केली या दोघांनीही हेच वेगळ्या वाटेने शोधलं होतं.

पोलारिस 20 जुलै 1960 रोजी पाण्याखालून उडालं आणि पर्टची कीर्ती झाली. 1962 साली नासा आणि संरक्षण खात्याने मिळून पर्टला खर्चाची जोड देणारी मार्गदर्शिकाच काढली. पण हार्वे सापोल्स्की या अभ्यासकाने 1972 साली पोलारिसवर पुस्तक लिहिलं, त्यात वेगळंच निघालं. प्रत्यक्ष काम करणारे अभियंते पर्टवर फारसे विसंबून नव्हते. त्या तक्त्यांनी बाहेरच्यांवर छाप पडत होती, वरून होणारी लुडबूड थांबत होती, हाच मोठा फायदा! मला हे वाचून मुळीच धक्का बसला नाही. भिंतीवर लावायचा चार्ट आणि काम चालवायचा चार्ट असे दोन निराळे मी पुष्कळ ठिकाणी पाहिलेत.

जाळं खरं वाचणारा माणूस मात्र कसा असतो, ते सांगतो. 1963च्या सप्टेंबरात जॉर्ज म्युलर नासाच्या मानवी उड्डाणांचे प्रमुख झाले. दशक संपायच्या आत चंद्रावर माणूस, असं केनेडी 1961 साली बोलून बसले होते. म्युलरनी दोन जाणत्या अभियंत्यांना खरा हिशोब मांडायला लावला. उत्तर आलं, 1971 उलटता उलटता. म्युलरनी ‘जास्त तास काम करा’ असं फर्मान काढलं नाही, जाळंच बदललं. रॉकेट बांधणाऱ्या वेर्नर फॉन ब्राऊन यांच्या लोकांची रीत पायरीपायरीची होती: आधी खालचा टप्पा खरा आणि वरचे नकली, ते जमलं की दुसरा खरा, मग तिसरा. 1 नोव्हेंबर 1963च्या संदेशात म्युलरनी कळवलं, की चंद्राकडे जायचं सॅटर्न-5 रॉकेट पहिल्याच उड्डाणात सगळ्या खऱ्या टप्प्यांनिशी जाईल. मंडळी हादरली. पण पायऱ्यापायऱ्यांचं पहिलं उड्डाण यशस्वी झालं तरी कळणार फक्त खालच्या टप्प्याबद्दल, वरचे तसेच राहणार, हा म्युलरांचा मुद्दा खोडता येण्यासारखा नव्हता.

तरी दुसरा टप्पा रखडलाच. मग केपच्या उड्डाणतळावरच्या लोकांनी त्याच्या जागी रिळाच्या आकाराचा एक सांगाडा बसवला, त्यावर तिसरा टप्पा चढवला आणि बाकीच्या तपासण्या उरकायला घेतल्या. मला त्या सगळ्या कार्यक्रमात हा सांगाडा सर्वांत आवडतो. 9 नोव्हेंबर 1967ला अपोलो 4 निर्विघ्न उडालं. पुढच्या ऑगस्टात चंद्रावर उतरायचं यान वेळेत होत नाही असं दिसलं, तेव्हा नासातल्या जॉर्ज लो यांनी त्याची वाट न बघता नुसतं मुख्य यान चंद्राभोवती पाठवायचं सुचवलं. डिसेंबरात अपोलो 8 गेलं. सॅटर्न-5चं ते तिसरंच उड्डाण, आणि आत तीन माणसं!

यावरून ‘पायऱ्या गाळा’ असा अर्थ काढू नकोस. सॅटर्न-5चा प्रत्येक टप्पा आधी जमिनीवर बांधून पेटवून पाहिलेला असे. रशियाच्या एन-1 या चंद्राच्या रॉकेटच्या पहिल्या टप्प्यात तीस इंजिनं होती, ती सगळी एकत्र जमिनीवर कधी पेटवलीच नाहीत. चंद्रावर उतरायचा निर्णय तिथे 1964 साली झाला, म्हणजे तीन वर्षं उशिरा, त्यामुळे घाई. 1969 ते 1972 मध्ये चार उड्डाणं झाली, चारही फसली. घाईची किंमत अमेरिकेनेही मोजली: 27 जानेवारी 1967ला जमिनीवरच्या तालमीत अपोलो 1ला आग लागली आणि ग्रिसम, व्हाइट, चॅफी हे तिघे गेले.

तेव्हा रंग राहू देत. तुझ्या प्रकल्पातलं काय कशावर अडलंय आणि त्यातलं खरोखर अडायलाच हवं असं काय, एवढं एका कागदावर लिहून मला पाठव. तारखा त्यानंतर घालू.

तुझा,
नानाकाका