आदर्श आणि तसबीर

‘आदर्श’ या शब्दाचा संस्कृतातील एक अर्थ आरसा असा आहे. आरशात पाहणाऱ्याला स्वतःचे तोंड दिसते. कपाळावर डाग असल्यास तोही दिसतो. व्यवहारात मात्र आपण ज्याला आदर्श म्हणतो त्याची बहुधा तसबीर करतो, आणि तसबिरीवर एकदा हार चढला की आपले तोंड पाहण्याची सोयच उरत नाही.

ही खोड केवळ भोळ्या जनतेची आहे, असे आपण सुशिक्षितांनी समजू नये. मार्च २०२१ मध्ये येथे रायपूरला निवृत्त क्रिकेटपटूंची स्पर्धा झाली. तेंडुलकर खेळणार म्हणून ऐन साथीत क्रीडांगणावर गर्दी लोटली. त्यांच्या खेळाविषयी मला आदरच आहे. जानेवारी २००४ मध्ये सिडनीला, वारंवार दगा देणारा कव्हर ड्राइव्ह त्यांनी डावभर वर्ज्य केला व नाबाद २४१ धावा काढल्या. हाताशी असलेला आवडता फटका आवरून धरणे, ही घेण्यासारखी गोष्ट. पण ती मागणारा भक्त विरळा. बहुतेकांना सही हवी असते.

डॉ. आंबेडकरांनी १९४३ साली पुण्यात, न्यायमूर्ती रानडे यांच्या जयंतीच्याच व्याख्यानात, हा भेद स्पष्ट केला होता. थोराविषयी अपार कौतुक वाटणे निराळे आणि त्याच्या आज्ञेत वागणे निराळे. पहिल्यात दोष नाही, दुसरे घातक. पुढे २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत, राजकारणातील भक्ती ही अधोगतीची व अखेर हुकूमशाहीची वाट आहे, असे त्यांनी बजावले.

भक्तीचा आणखी एक तोटा आहे, आणि आम्हा नोकरपेशाच्या माणसांना तो फार सोयीचा पडतो. ‘ते थोर, आपण कुठे!’ असे म्हटले की अनुकरणाची जबाबदारीच टळते.

म्हणून मला आपल्या रायपूरचे माधवराव सप्रे जवळचे वाटतात. मराठी मातृभाषेचा हा पदवीधर सरकारी नोकरीच्या वाटेला गेला नाही. पेंड्र्याला राजकुमाराची शिकवणी करून त्याने १९०० साली ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. ते तीन वर्षे चालले. १९०७ साली नागपुरास ‘हिंदी केसरी’ सुरू केला. १९०८ मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली. आणि वडील बंधूंच्या निकराच्या आग्रहापुढे नमून त्यांनी माफीपत्रावर सही केली. त्याच वर्षी लोकमान्य सहा वर्षांची शिक्षा घेऊन मंडालेला गेले होते.

जयंतीच्या भाषणांत असा भाग वक्ते घाईने उरकतात. मला तर तोच थांबण्याजोगा वाटतो. घरच्या माणसांचे रडणे आणि स्वतःचा शब्द यांच्या कात्रीत सापडणे आपल्यापैकी कोणाला अपरिचित आहे? बदलीच्या, बढतीच्या भीतीने फाइलीवरील टिपणी सौम्य होते, तेव्हाही कारण बायकामुलांचेच दिले जाते.

यावर कोणी विचारील, की मग सदोष माणसाला आदर्श मानणे म्हणजे स्वतःच्या दुबळेपणाला आधार शोधणेच नव्हे काय? शंका रास्त आहे. पण सप्र्यांनी त्या सहीचे समर्थन करीत दिवस काढले नाहीत. ते काही काळ रामदासी मठात भिक्षेवर राहिले. मग रायपुरात मुलींची शाळा काढली, ‘दासबोध’ हिंदीत आणला. आणि लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘गीतारहस्या’चा हिंदी अनुवाद केला तोही सप्र्यांनीच! ज्याने माफी मागितली नाही त्याच्या ग्रंथाचे प्रत्येक वाक्य, ज्याने मागितली त्याच्या लेखणीखालून गेले. ते काम करताना त्या माणसाच्या मनात काय चालले असेल, याचा विचार मी पुष्कळदा करतो. तेंडुलकरांसारखे खेळणे मला या जन्मी शक्य नाही. पण टेबलाशी बसून, लाज पोटात ठेवून, पानामागून पान नेकीने उतरवणे हे कोणत्याही कारकुनाला जमण्याजोगे आहे. तेवढ्यापुरती पळवाट सप्रे मला ठेवीत नाहीत.

१९२४ साली ते देहरादूनच्या हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि २३ एप्रिल १९२६ रोजी रायपुरातच वारले. वय चोपन्न. येथे त्यांच्या नावाची शाळा आहे.